अकरा नंबरची डबी

मीराबाईला ऐकू येत नाही हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी सगळे तिच्याशी तोंड फिरवूनच बोलायचे. लोकांना बहिऱ्याची कीव येते, पण त्याच्यासमोर तोंड धरून दोन शब्द सावकाश बोलायचं त्यांच्या जिवावर येतं. मग बहिरा माणूस आपली सोय आपण लावतो. मीराबाईनं लावली होती. समोरचा चेहरा हसरा दिसला की 'हाव' म्हणायचं, म्हणजे हो. कपाळाला आठी दिसली की 'नाही'. या दोन शब्दांवर तिनं एकोणीस वर्षं काढली. दहापैकी आठ वेळा उत्तर बरोबर निघायचं. उरलेल्या दोन वेळा लोक हसायचे, आणि लोक हसले की तीही हसायची.

वस्तीतले रिकामटेकडे तर मुद्दाम तिच्या शेगडीपाशी यायचे. दात काढून विचारायचे, "मीराबाई, पोह्यात पाल पडली का वं आज?"

"हाव," मीराबाई म्हणायची, आणि वरून पळीभर तर्री जास्त टाकायची.

त्यावरून तिचं नाव 'हावबाई' पडलं. तिच्यादेखतच म्हणायचे. तिला कुठं ऐकू जात होतं.

कान हिंगण्याच्या एमआयडीसीत राहिले. एका खिळ्यांच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं होती. पत्र्याची शेड, आत बावीस मशिनी, प्रत्येक मशीन मिनिटाला दोनशेच्या वर खिळे तोडणार. शेडमध्ये माणसं बोलायचीच नाहीत, हातवारे करायची. कानात घालायला कापूस मिळाला तो एकदाच, सेफ्टी सप्ताहात. फोटो निघाला आणि सुपरवायझरनं कापूस परत गोळा केला. कंपनीच्या डॉक्टरनं कानात बॅटरी मारली, मळ आहे म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं.

आधी कुकरची शिट्टी गेली. मग दाराची कडी. मग नवरा गेला, म्हणजे त्याचा आवाज गेला. धोंडबा मागून हाका मारायचा आणि ही वळायची नाही. त्याला वाटलं, बाई चार पैसे कमवायला लागली, माजली. एक दिवस त्यानं तिला धरून वळवलं आणि अशी वाजवली की ती मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली. दुसरा हात उचलून तो काहीतरी विचारत होता. काय विचारतोय ते तिला आजपर्यंत कळलेलं नाही. ती 'हाव' म्हणाली, आणि तो हात खाली आला. धोंडबा पुढे दारूनं गेला. शब्द राहिला.

घर मात्र तिच्या नावावर होतं. मनीषनगरात पाण्याच्या टाकीमागं त्रेचाळीस घरांची एक ओळ आहे. ही ओळ वसली तेव्हा तिथं चिखल आणि बेशरमाची झुडपं होती. टॅक्सची पहिली पावती फाडायला माणूस आला त्या दिवशी धोंडबा ओट्यावर पिऊन पडलेला होता, म्हणून पावतीवर बाईचं नाव लागलं. त्याच्या दारूनं एवढं एकच चांगलं काम केलं. आता समोर सात-सात मजल्यांचे फ्लॅट उभे झालेत. ते बांधणारे मजूर आणि कंपनीच्या बसची वाट पाहणारे कामगार सकाळी सहापासून मीराबाईच्या दारात तर्री-पोहे खायचे. दोन बोटं दाखवली की दोन प्लेट, बोट वाकडं केलं की तिखट जास्त. या धंद्याला कान लागत नव्हते. दार लागत होतं.

आणि नेमकं दारच जाणार होतं. समोरचा रस्ता साठ फुटांचा करायचा ठरला. सात मजल्यांवरच्या गाड्यांना वळायला जागा पुरत नव्हती म्हणे. त्रेचाळीस घरांना शहराबाहेर अठरा किलोमीटरवर एकेक खोली मिळणार, मीराबाईला चौथ्या मजल्यावर. चौथ्या मजल्यावर पोहे खायला कोण चढतो? नियम असा होता की जनसुनावणीत घरमालकानं स्वतः येऊन सांगायचं, नाहीतर लेखी द्यायचं. हो म्हटलं तर पंधरा दिवसांत घर रिकामं. नाही म्हटलं तर त्या घराची वेगळी केस, आणि निकाल लागेपर्यंत विटेला हात लावायचा नाही. म्हणजे एका शब्दावर घर होतं.

पहिली सुनावणी मागच्या वर्षी सदर भागातल्या मोठ्या सभागृहात झाली. झाली कसली, घुमली. त्या हॉलमध्ये भोंगा बोलतो आणि चार भिंती त्याची नक्कल करतात. वस्तीतले अकरा म्हातारे-म्हाताऱ्या, सगळे हिंगण्याच्या कारखान्यांतून कान गमावून आलेले, बगळ्यासारखे माना लांब करून बसले होते. त्यांना काही कळेना. तेव्हा मागून दीक्षा उठली आणि म्हणाली, "ज्याले ऐकू येत नाही त्याची सुनावणी कशी गा होते, साहेब?" आणि तिनं सुनावणी बंद पाडली.

दीक्षा मीराबाईपासून चार घरं सोडून राहायची. चौतीस वर्षांची. सदरमध्येच एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाईप करायची. टाईप करता करता कायदा शिकली. वकील तिच्याकडे प्रिंट काढायला यायचे आणि ती त्यांच्या चुका काढून त्यांच्याच हातात ठेवायची. कपाळाला कायमची आठी. लाडानं बोलली तरी भांडतेय असं वाटायचं. तिनं शोधून काढलं की मोठ्या शहरांतल्या नाटकघरांत, कोर्टांत बहिऱ्यांसाठी एक मशीन असतं. मग ती चौदा महिने अर्ज करत फिरली. माहिती अधिकार टाकला, अपील टाकलं, एका साहेबाच्या दाराबाहेर सतरंजी टाकून जेवणाचा डबा उघडला. शेवटी मशीन आलं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना गडद लाल काचेच्या दोन लांब पट्ट्या लागल्या, आणि ऑफिसच्या कपाटात वीस डब्या आल्या. पेपरात दीक्षाचा फोटो आला, आठीसकट.

विहारात तिनं बैठक घेतली आणि मशीन समजावून सांगितलं. टीव्हीचा रिमोट आणला होता. "रिमोटमधून जसा डोयाले न दिसणारा उजेड निघते, तसाच त्या लाल पट्टीतून निघते. साहेबाचा आवाज त्या उजेडावर बसून येते. तुमच्या गळ्यातल्या डबीले काच हाये, ती उजेड धरते आन् कानात आवाज सोडते. हे पाहा." तिनं रिमोटपुढे हात आडवा धरला. बटन दाबलं. टीव्ही बदलला नाही. "मधात काही आलं का खलास. म्हणून डबी झाकाची नाही. समजलं ना सगळ्याइले?"

पुढच्या रांगेत मीराबाई बसली होती. बाकी सगळे माना हलवत होते, तिनंही हलवली. घरी जाताना ती शेजारच्या चंद्रभानला खुशीत म्हणाली, "दीक्षानं लय मोठं काम केलं गा. टीव्ही देऊन राहिले सगळ्याइले."

चंद्रभानलाही ऐकू आलं नाही. तोही त्याच कारखान्यातला. तो म्हणाला, "पाहू."

म्हणजे बहिऱ्यांच्या मशीनची माहिती दीक्षानं बहिऱ्यांना तोंडी दिली. चौदा महिने कायद्याची कलमं पाठ करणाऱ्या बाईच्या एवढं लक्षात आलं नाही. रागाच्या भरात चालणाऱ्या माणसाला पायाखालचं दिसत नाही, आणि दीक्षा तेव्हा फार भरात होती.

सुनावणीच्या आधी चार दिवस ती मीराबाईच्या घरी तालीम घ्यायला आली. झेरॉक्सच्या कागदाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत तीन प्रश्न लिहून आणले होते. मीराबाई चौथी शिकलेली. बोट ठेवून तिनं वाचलं. नाव काय. घर तुमच्या नावावर आहे का. घर सोडून जायला तयार आहात का.

"सोपं हाये ना," मीराबाई म्हणाली. "पयल्याले नाव सांगतो, दुसऱ्याले हाव, तिसऱ्याले नाही. बोटावर मोजतो. तुह्या मशीनचं कामच काय मंग?"

दीक्षाचा राग नाकावर आला. "मोजून नाही सांगाचं, मावशी. ऐकून सांगाचं. मी चवदा महिने काय भजन कराले फिरून राहिली होती?" आणि तिनं तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

मग तिनं समोर बसून तोंडी विचारलं. घर सोडून जायला तयार आहात का? मीराबाईनं तिच्या कपाळाकडे पाहिलं. "नाही." पुन्हा विचारलं. "नाही." दहा वेळा विचारलं, दहाही वेळा नाही. दीक्षाला वाटलं, बाई तयार झाली. मीराबाईला वाटलं, पोरगी आज जास्तच चिडली.

निघताना दारात चंद्रभान भेटला. "लेखी देऊन टाकू वं दीक्षा. एका कागदावर त्रेचाळीस सह्या. हाकानाका, विषय खलास."

"कागद फायलीत मरते, काका," दीक्षा त्याच्या कानाशी ओरडली. "हॉलमंधी बोललं का कॅमेऱ्यात राहते. उद्या कोणी नाही म्हणू शकत नाही का तुम्ही असं बोललेच नाही."

तिचं म्हणणं खरं ठरलं. पुढे कोणीच तसं म्हणू शकलं नाही.

सुनावणीच्या दिवशी अकरा वाजता वस्ती सदरच्या सभागृहात पोचली. मीराबाईनं शेगडी सकाळी पेटवलीच नव्हती, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. पांढरी साडी नेसली होती, विहारात नेसते ती. डब्यांच्या कपाटाची किल्ली ज्या बाबूकडे, तो चहाला गेलेला. चाळीस मिनिटांनी आला. आधी आधार कार्ड जमा करा म्हणाला. बहिरे डबी घेऊन पळतील अशी भीती असावी. कार्डं घेऊन त्यानं अकरा डब्या बाहेर काढल्या.

तेवढ्यात दीक्षाचं स्टेजकडे लक्ष गेलं. डाव्या बाजूच्या लाल पट्टीवर स्वागताचा फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यावर सात जणांचे हात जोडलेले फोटो, आणि खाली लिहिलेलं, दिव्यांगांच्या सोयीसाठी नवीन यंत्रणा. यंत्रणा त्या सात जणांच्या मागे. दीक्षा तिकडे धावली. डेकोरेशनवाल्याशी भांडली, गार्डशी भांडली, फ्लेक्स आम्हाला विचारून बांधला का म्हणून मॅनेजरला बोलावून घेतलं. "ज्यायचे फोटो हायेत त्यायले सांगा, तुमी उजेडाच्या आडवे आले," ती म्हणाली. शेवटी कोणीतरी दोरी कापली आणि सातही तोंडं स्टेजवर लोळली. वस्तीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. दीक्षा घामानं निथळत होती आणि खूश होती.

आणि तेवढ्याच वेळात इकडे रोहितनं सूचना दिल्या.

रोहित हा मशीन बसवणाऱ्या कंपनीचा पोरगा. वाईट नव्हता. त्याला सांगितलं होतं की सूचना वाचून दाखव आणि सह्या घे. अकरा बहिरे रांगेत बसले होते, डब्या अजून बंद होत्या. तो मोबाईलमध्ये पाहून, मान खाली घालून वाचत गेला. डबी छातीवर मोकळी राहू द्या. काच झाकू नका. शाल, उपरणं, पदर काचेवर घेऊ नका. आवाज गेला तर लाल पट्टीकडे तोंड करून उभे राहा. वाचून झाल्यावर त्यानं मान वर केली आणि हसून विचारलं, "समजलं ना?"

अकरा माना हलल्या. मीराबाई म्हणाली, "हाव."

रजिस्टरवर सह्या झाल्या. 'उपकरण मिळाले, सूचना समजल्या.' तिघांनी अंगठे लावले, मीराबाईनं सही केली. ती सही करते याचा तिला अभिमान होता. मग रोहितनं एकेकाच्या कानात त्या दोन वाकड्या दांड्या बसवल्या, डॉक्टरच्या नळीसारख्या. त्या हनुवटीखाली एकत्र येऊन लहानशी डबी लोंबायची, तिच्या तोंडाला काळपट लाल काच. मीराबाईच्या डबीवर अकरा नंबर होता. रोहितनं बटन दाबलं.

आधी खुर्ची सरकली. मीराबाई दचकून मागे वळली, तिला वाटलं तिच्यामागेच कोणीतरी आहे. मागे भिंत होती. मग कोणीतरी घसा साफ केला, अगदी तिच्या डोक्याच्या आत. कपबशी वाजली. कागद उलटला, आणि कागदाला आवाज असतो हे ती विसरली होती. तिनं डोळे मिटले, उघडले. शेजारी बसलेल्या म्हातारीचा हात घट्ट धरला. म्हातारीचंही तेच चाललं होतं.

माईक स्टेजखाली होता. घरमालकानं तिथं येऊन, टेबलाकडे तोंड करून उभं राहायचं. टेबलामागे कामिनी मॅडम. रस्त्याच्या खात्याच्या अधिकारी, गोड बाई. त्यांचा चेहराच हसरा. नोटीस हातात देताना हसायच्या, सही घेताना हसायच्या. त्यांच्या शेजारी किल्लीवाला तोच बाबू, कडेला कॅमेरा.

चंद्रभान उठून माईकपाशी गेला. त्यानं नाव सांगितलं, आणि मीराबाईनं मान उंच करून बोलतंय कोण ते पाहिलं. हा आवाज म्हाताऱ्याचा होता. तिच्या डोक्यात चंद्रभानचा आवाज अजून पंचेचाळीस वर्षांचा होता, कारखान्याच्या गेटवर शीळ घालणारा. "घर सोडून फ्लॅटमध्ये जायला तयार आहात का?" कामिनी मॅडमनी विचारलं. शब्द न् शब्द मीराबाईच्या कानात पडला. "नाही," चंद्रभान म्हणाला. "मेलो तरी नाही. लिहून घ्या." मीराबाई जागच्या जागी बसून ओठांतल्या ओठांत म्हणाली, नाही. अजून तिची पाळी नव्हती. पण म्हणून पाहिलं.

चंद्रभान परत येत होता तेवढ्यात टेबलावरच्या माईकचा भोंग्याकडे जाणारा आवाज बंद केला गेला. हॉलला वाटलं, आता शांतता. पण लाल पट्ट्यांकडे जाणारी वायर वेगळी होती, ती चालूच होती. जे हॉलमधल्या दोनशे चांगल्या कानांना ऐकू आलं नाही ते अकरा बहिऱ्यांना ऐकू आलं.

"हे कानवाले जरा लवकर उरका," कामिनी मॅडम म्हणाल्या. "मला एकला निघायचंय. सगळे नाहीच म्हणून राहिले."

"पुढची म्हणणार नाही, मॅडम," बाबू म्हणाला. "हावबाई म्हणतात तिला. वस्तीतलेच बाहेर सांगत होते. हसून विचारा, काहीही विचारा, हाव म्हणते. पोह्यात पाल पडली का विचारतात लोक, तरी हाव."

कामिनी मॅडम हसल्या. हसण्याचा आवाज फार स्वच्छ आला.

हावबाई. मीराबाईनं हा शब्द त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. तिनं वळून आपल्या वस्तीकडे पाहिलं. ज्यांना तिनं पळीभर तर्री जास्त वाढली ते सगळे तिथं बसले होते. पाल. म्हणजे ते पाल विचारायचे. एकोणीस वर्षं तिला वाटत होतं, पोहे चांगले झालेत का विचारतात.

तिचं नाव पुकारलं गेलं. तेही तिनं नीट ऐकलं.

ती उठली. लाज वाटली की आणि मोठ्या माणसासमोर उभं राहायचं असलं की बाई काय करते? डोक्यावर पदर घेते. तिच्या आईनं घेतला, सासूनं घेतला, तिनं चाळीस वर्षं घेतला. चालता चालता मीराबाईनं पांढरा पदर डोक्यावर ओढला, दोन्ही खांद्यांवरून पुढे आणला आणि हनुवटीखाली मुठीत गच्च धरला. मुठीत पदर, पदरात डबी.

आवाज खरखरला, लांब गेला आणि विझला.

तिला वाटलं, मशीन गेलं. मागे पाहावं तर रोहित कुठं दिसेना, आणि साहेबांकडे पाठ कशी करायची? ती माईकपाशी उभी राहिली. डोक्यात तीच जुनी, ओळखीची शांतता. आणि समोर कामिनी मॅडम पुढे वाकून तिच्याकडे बघत हसत होत्या, लेक आईकडे बघून हसते तशा. त्यांचे ओठ हलले. मीराबाईनं विचार केला, पहिल्याला नाव. तिनं नाव सांगितलं. पुन्हा ओठ हलले. दुसऱ्याला हाव. "हाव." आता तिसरा. तिनं पदराच्या आत तिसरं बोट दाबलं. पण मॅडमनी मध्येच काहीतरी विचारलं होतं, कार्ड जमा केलं का, एवढंच. त्याला मीराबाई "नाही" म्हणाली आणि मोकळी झाली. सुटकेनं तिचा चेहरा सैल पडला. झालं तिचं काम.

पण मॅडम अजून हसत होत्या. अजून काहीतरी विचारत होत्या. तीन तर झाले. आता उरलं काय? आता चहापाण्याचंच विचारत असतील, बसा म्हणत असतील. सावकाश, प्रेमानं विचारत होत्या.

"हाव," मीराबाई म्हणाली.

मागून दीक्षा ओरडली, "नाही म्हणा मावशी, नाही." सगळा हॉल वळला. एकटी मीराबाई वळली नाही. नियमाप्रमाणे मॅडमनी प्रश्न पुन्हा विचारला, तितकंच गोड हसून. "हाव." दीक्षा पुढे धावली, गार्डनं तिला खांबापाशी धरलं. तिसऱ्यांदा विचारलं. मीराबाईला वाटलं, बाई किती आग्रहाची. तिनं हात जोडले, आणि हात जोडताना मूठ सुटली, पदर बाजूला झाला, डबी उघडी पडली.

"हाव जी, हाव," ती म्हणाली, आणि तिच्या कानात आवाज परत आला. बाबूचा होता. "लाभार्थीची तीन वेळा संमती. राजीखुशी. नोंद घ्या."

दीक्षानं नंतर सगळं करून पाहिलं. त्याच दुपारी तक्रार टाईप केली. पदरानं डबी झाकली गेली होती असं तिनं मांडलं तेव्हा रजिस्टर पुढे आलं. सूचना समजल्या, खाली मीराबाईची स्वतःची सही, अंगठासुद्धा नाही. मग तिनं बाबू आणि मॅडममधलं बोलणं लिहून दिलं, अकरा जणांच्या साक्षीसकट. कामिनी मॅडमनी ते कागद वाचले आणि चष्मा काढून विचारलं, "म्हणजे या अकरा जणांना टेबलावरची कुजबुजही स्पष्ट ऐकू आली असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो. शब्द न् शब्द."

"मग मशीन उत्तम चालू होतं. मग प्रश्न ऐकू आला नाही असं कसं म्हणता?"

दीक्षानं आपलेच कागद ओढून घेतले आणि चूक शोधायला वरून खाली वाचले. "पूर्वी अशी केस आली असती तर आम्हीच संशयाचा फायदा दिला असता," मॅडम म्हणाल्या. "म्हाताऱ्या बाईला ऐकू येत नाही, जाऊ द्या. पण आता सोय आहे. तुम्हीच करून घेतली. तुमच्या त्या ओरडण्याचीही नोंद आहे बरं का, बाहेरून दबाव म्हणून. मी ती पुढे पाठवत नाही." आणि हसल्या.

वस्तीनं मीराबाईला सोडलं नाही. बेचाळीस घरं नाही म्हणून उभी होती आणि मधोमध सतराव्या घरानं हाव म्हटलं होतं. सतरावं पडलं की सोळाव्या-अठराव्याची भिंत उघडी. बाया नळावर तिची बादली पुढे सरकवू देईनात. "किती खाल्ले वं?" एकीनं तिच्या तोंडावर विचारलं, हसून. मीराबाईनं त्या हसण्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हाव म्हणाली नाही. "नाही," म्हणाली. दुसरीनं विचारलं, "मंग फुकटातच विकलं?" "नाही." त्या दिवसापासून तिनं तो शब्द धरला. कोणी हसो, रडो, कपाळाला आठी घालो, ती नाही म्हणायची. दोन बोटं दाखवून कोणी पोहे मागितले तरी आधी नाही म्हणायची आणि मग वाढायची. मागणारेही कमी झाले होते.

सोळाव्या दिवशी जेसीबी आला. भांडीकुंडी, गादी, बाबासाहेबांचा फोटो, पेढ्याच्या डब्यातलं, शिबिरात मिळालेलं कानाचं बंद पडलेलं मशीन, सगळं रस्त्याच्या कडेला निघालं होतं. जेसीबीवाला माणूस खाली उतरून आला. भला वाटला. दाराकडे बोट करून त्यानं मीराबाईला विचारलं, "माय, आत काही राहिलं का तुमचं?"

"नाही," मीराबाई म्हणाली.

पोह्यांची मोठी कढई मागच्या मोरीत घासायला ठेवलेली होती. तीस वर्षांची, जाड बुडाची. छत तिच्यावर बसलं. तिचा आवाज मोठा झाला असं चंद्रभानची बायको नंतर सांगत होती.

दीड महिन्यानं दीक्षा बस बदलून बदलून अठरा किलोमीटर गेली. चौथ्या मजल्यावर चढली. मीराबाई खिडकीपाशी बसली होती. दारात कोणी आलं हे तिला सावलीवरून कळलं. दीक्षा समोर जाऊन जमिनीवर बसली. या वेळी तिनं तोंड बरोबर समोर धरलं, ओठ सावकाश हलवले, आणि कपाळावरची आठी काढायचा प्रयत्न केला. ती काही निघत नव्हती.

"मावशी, माह्यावर राग हाये का तुमचा?"

"नाही," मीराबाई म्हणाली.

दीक्षानं सुटकेचा श्वास घेतला. मग तिला शंका आली. तिनं विचारलं, "जेवल्या का?"

"नाही."

"बरं हाये का इथं?"

"नाही."

शेगडीवर भाताचं रिकामं पातेलं होतं, धुवायचं राहिलेलं, कडेला शितं चिकटलेली. दीक्षानं पर्स उघडली. तीन प्रश्नांचा तो घडीचा कागद अजून आत होता. पेन काढून तिनं उरलेल्या जागेत रागाचा तो प्रश्न लिहायला घेतला, दोन शब्द लिहिले, आणि पुढे हात गेला नाही. कागदावर उत्तर आलं असतं तर ते खरं आलं असतं.

तिनं कागद घडी केला. मीराबाई तिच्याकडे बघत होती.

"नाही," मीराबाई म्हणाली. या वेळी कोणी काही विचारलेलं नव्हतं.